भरल्या वाटीचा न्याय

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. आपल्या दरबारात कोणीही यावे, मनातले बोलावे, अशी त्याची दवंडी होती. अट एकच. बोलणाऱ्याने हातात पाण्याची वाटी धरायची. पाणी सांडले, तर तो रागावला असे समजून त्याला गप्प करायचे.

खोऱ्यातली माणसे राजाच्या नात्यागोत्यातली. त्यांची वाटी अर्धीच भरली जाई. डोंगरावरच्या माथेकऱ्यांची मात्र काठोकाठ. तसा हुकूम कोणी दिला नव्हता. रीतच पडली होती. माथेकरी तोंड उघडी, पाणी सांडे आणि दरबार हसे, “बघा, हे तापटच!”

एकदा मायाधर नावाचा माथेकरी जादूगार आला. राजाच्या नव्या बंधाऱ्याने उतारावरची शेते बुडणार होती. तो ते सांगू लागला, तोच वाटी हिंदकळली. शिपायांनी दंडाला धरले. दाराशी वळून तो म्हणाला, “राजा, आमचे तुला ऐकू येत नाही. आता लेकीचेही येणार नाही.”

त्याच क्षणी राजकन्या इंदुलेखेची वाचा गेली. ओठ हलत, आवाज उमटत नसे.

वैद्य झाले, मांत्रिक झाले. राणीला जाऊन दोन वर्षे झाली होती. बापलेक जेवायला बसत, आणि राजाला स्वतःचा घास चावलेला ऐकू येई.

एका सकाळी खिडकीत साळुंकी बसली. म्हणाली, “महाराज, माथ्यावर जा. पायी जा, एकटे जा. तीनदा अडाल. खरे बोललात तरच पुढे सरकाल.”

राजा निघाला. वाटेत दगडी दार लागले. दार म्हणाले, “माथेकऱ्यांविषयी एक चांगली गोष्ट सांग.”

“माथेकरी असूनही ते प्रामाणिक आहेत.”

दार अधिकच घट्ट मिटले.

राजा हळूच म्हणाला, “पुराच्या साली त्यांनी आमची गुरे आपल्या गोठ्यात बांधली. आपल्या पोरांचे दूध आमच्या वासरांना पाजले. मी साधे आभारही मानले नाहीत.”

दार उघडले. आत शापित खजिना होता, त्यावर वेटोळे घालून नाग. भोवती सोन्याचे झालेले जुने राजे उभे होते.

नाग म्हणाला, “खोरेकरी दरबारात ओरडले, तर तू काय म्हणतोस?”

“तळमळीने बोलले.”

“आणि माथेकरी?”

“उर्मटपणे बोलले.”

राजाची पावले सोन्याची होऊ लागली. नागाने विचारले, “आवाज तर सारखाच होता ना?”

“होय,” राजा म्हणाला. “दोघांचीही तळमळच होती. कमी पडले ते माझे कान.”

पावले मोकळी झाली. सोन्याला हात न लावता तो पुढे गेला.

माथ्यावर मायाधराची सभा भरली होती. राजाच्या हाती काठोकाठ वाटी आली. “लेक...” एवढेच तो म्हणाला आणि वाटी हिंदकळली. पाणी मनगटावरून ओघळले.

माथेकरी हसले. “सांडले! खोरेकरी सगळे असलेच! हाकला त्याला!”

मायाधर उठला. त्याने ते ओले मनगट पाहिले. मग त्याने राजाच्या हातून वाटी घेतली आणि खाली ठेवली. “हसू नका रे,” तो म्हणाला. “हा रागावलेला नाही, बाप आहे. बोला महाराज.”

“तुम्हीही रागावला नव्हतात,” राजा म्हणाला. “मी तुमचे ऐकले नाही. क्षमा करा.”

“क्षमा तर मीही मागायला हवी. माझे भांडण तुमच्याशी होते, पोरीशी नव्हते. चला, उतरू या.”

दोघे मिळून दरबारात आले. राजाने सगळ्या वाट्या पाणपोईवर पाठवल्या. मायाधराने इंदुलेखेच्या मस्तकावर हात ठेवला.

“बाबा,” इंदुलेखा म्हणाली, “तुमचा बंधारा चुकीच्या जागी आहे. मी कधीची सांगत होते.”

खोरेकरी सरदार गोरेमोरे झाले. एकजण पुटपुटला, “भर दरबारात बापाला असे बोलतात?”

राजाने भरल्या डोळ्यांनी हात जोडले. “फार उपकार झाले, बाळ,” तो म्हणाला. “इथे ये, माझ्याशेजारी बस. कुठे बांधायला हवा, तेही सांग.”