गतिरोधकावरचा खडखडाट

इचलकरंजीच्या हेमलता कोष्टींनी मोटारीला दादासाहेब मगदुमांच्या सुट्या भागांच्या दुकानातून कंपनीचे नसलेले, स्वस्तातले, हादरे झेलणारे शॉकअप बसवून घेतले आणि त्याच दिवसापासून पुढून खडखड सुरू झाली. आजारी आईला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. वाटेत काही निखळलं तर? एका गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगवर बोट ठेवलं, दुसऱ्यानं इंजिनावर. बाई पुरत्या गोंधळल्या.

दादासाहेबांनी तर उभी गाडी जराशी हलवून पाहिली आणि गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, "माझ्या मालात खोट नसते. आवाज तुमच्या कानात आहे, ताई."

"असेलही," हेमलताताई म्हणाल्या. क्षणभर त्यांना खरंच तसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "जेवायची वेळ झालीय. चला, घरी सोडते तुम्हाला."

दादासाहेब ऐटीत बसले. पहिल्याच गतिरोधकावर ते दचकून ओरडले, "अहो, थांबा! खाली काहीतरी तुटलं!"

ताईंनी शांतपणे गाडी थांबवली. "दादासाहेब, माझ्या कानातला आवाज तुम्हाला कसा ऐकू आला?"

दादासाहेबांनी उतरून चाकाआड हात घातला, तर डावा शॉकअप जागच्या जागी डुगडुगत होता. जेवण राहिलं बाजूला. गाडी तशीच दुकानात नेऊन त्यांनी समोर उभं राहून दोन्ही शॉकअप बदलून दिले.