फलकावरची पट्टी

दौलतराव निंबुळकर शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष झाले आणि आठव्याच दिवशी गावच्या शाळेत तपासणीला येऊन धडकले. सातवीच्या वर्गात पडवळबाई इंग्रजी शिकवत होत्या. फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: प्रॉपर नाउन, कॉमन नाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह.

"एवढंसं शिकवायला अख्खा तास?" अध्यक्ष कडाडले. "माझ्यासमोर पाच मिनिटांत समजावून दाखवा. नाहीतर तुमची बदली डोंगरावरच्या शाखेत!"

बाई शांतपणे मुलांना फाटकापाशी घेऊन गेल्या. तिथे स्वागताचा कापडी फलक लावला होता: 'कर्तव्यदक्ष, दानशूर, लोकप्रिय अध्यक्ष दौलतराव निंबुळकर यांचे स्वागत.'

"दौलतराव निंबुळकर म्हणजे प्रॉपर नाउन!" मुलं ओरडली. "अध्यक्ष कॉमन नाउन. आणि त्याआधीची तिन्ही अ‍ॅडजेक्टिव्हं!"

दौलतराव खुलले. "आता सांगा बाई, यात सगळ्यात वजनदार काय? विशेषणंच ना?"

बाईंनी खळीनं चिकटवलेल्या नावाच्या कागदी पट्टीचं टोक हलकेच उचललं. खाली मागच्या अध्यक्षांच्या नावाची पट्टी होती, तिच्याखाली त्याआधीच्यांची.

"साहेब, फलक बारा वर्षं हाच आहे. ही विशेषणं येईल त्या अध्यक्षाला लागतात, आणि अध्यक्षपण खुर्चीचं असतं. तुमचं स्वतःचं म्हणावं असं इथे नाव तेवढं आहे, आणि तेही खळीवर टिकलंय."

बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना मात्र, कुणी बघत नाही असं पाहून, अध्यक्षांनी पट्टीचं ते टोक अंगठ्यानं घट्ट दाबलं.