फळ्यावरची सातवी ओळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कासवं बोलत असत. आता बोलत नाहीत, कारण कुणी ऐकत नाही. पण ते असो.

डोंगराखाली एक गाव होतं आणि गावाच्या वर एक तळं. पाटकऱ्याने तळ्याचं दार उघडलं की पाटाने पाणी गावात जाई. ते कुणाला कधी मिळेल, हे पाटकऱ्याच्या झोपडीबाहेर एका फळ्यावर लिहिलेलं असे. फळा सगळ्यांनी वाचावा, खडू मात्र पाटकऱ्याच्या कनवटीला, असा नियम होता.

पाटकरी थकला होता. कामाने नव्हे, माणसांनी.

"बाबा, माझी पाळी जरा वाढवा की!" कुंभारीण येई.

"तिची वाढवलीत, मग आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?" माळी येई.

रंगारी तर रोजच येई. बसल्याशिवाय बोलत नसे आणि बोलायला लागला की उठत नसे.

एका दुपारी पाटकऱ्याने खडू सुतळीला बांधून फळ्यावर लटकवला. "लिहा बाबांनो, ज्याला जे हवं ते. फळ्यावर असेल तसं मी दार उघडीन."

तळ्यातलं कासव ही त्याची एकुलती एक सोबत. ते म्हणालं, "पाटकरीबुवा, हे बरं नाही. तळं हे माझं घर आहे."

"तुला काय, पाठीवर कवच आहे. मला कुठंय?" असं म्हणून पाटकरी घोंगडी अंथरून आडवा झाला.

लोकांनी थोडं थोडंच बदललं, हां! लबाड कुणीच नव्हतं. कुंभारणीने दोन घटका वाढवल्या, माळ्याने एक. रंगारी सातव्या ओळीपाशी अडला. तिथे होतं, 'सातव्या दिवशी दार बंद.' पुढे कुणाचंच नाव नाही.

"उगाच जागा अडवलीय," म्हणत त्याने ओळ पंच्याने पुसली आणि आपलं नाव घातलं.

तो दिवस तळ्याचा होता. डोंगरातले झरे बारीक. आठवड्यातून एक दिवस दार बंद राहिलं, तरच पाण्याचा मेळ बसे. पाटकरी मात्र फळा बघे, दार उघडे आणि झोपे.

उन्हं तापायच्या आतच तळ्याचा तळ दिसला.

"कुणी केलं हे?" सगळं गाव विचारू लागलं. फळ्यावर इतकी गिचमीड झाली होती, की कुणाचं अक्षर कुठलं ते कळेना.

पाटकऱ्याने कासवाला डोक्यावर घेतलं आणि तीन कोसांवरच्या दुसऱ्या तळ्याकडे निघाला. वाटेत म्हणाला, "खडू मीच दिला रे."

"सातवी ओळ कशासाठी होती, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?" कासव म्हणालं. त्यानंतर ते बोललं नाही.

त्या उन्हाळ्यात गावाने त्याच तीन कोसांवरून पाणी वाहिलं. रंगाऱ्यानेही, वाटेत कुठे न बसता.

पुढच्या वर्षी तळं भरलं. सातवी ओळ परत आली, खडू परत कनवटीला गेला. माणसंही परत आली. पाटकरी दिवसातून सत्तर वेळा 'नाही' म्हणे, थके, आणि संध्याकाळी भरल्या तळ्याच्या काठी एकटाच बसे. कासव काही परत आलं नाही.

तात्पर्य: ज्यावर सगळ्यांचं काम चालतं ते सगळ्यांनी वाचावं, पण बदलायचा हात एकाचाच असावा, आणि त्या हाताने कंटाळून खडू सोडू नये.