राजानं घोड्याचं उष्टं खाल्लं

एकदा काय झालं, एका राजाचा घोडा म्हातारा झाला. घोड्याचं नाव केवडा. रंग अगदी केवड्याच्या पातीसारखा, पिवळट पांढरा. पांघरूण ओढू नकोस रे तिचं, सगळ्यांना पुरतंय. हां, तर केवडा.

राजा अठरा वर्षं त्याच्या पाठीवर बसला. एकदा राजा नदी ओलांडत होता, तर मध्येच पूर आला. केवडा पोहत पोहत पैलतीराला लागला, राजाला वाचवलं, पण दगडात पाय अडकून पुढचा उजवा गुडघा कायमचा धरला. तेव्हापासून केवडा लंगडा. मग राजानं त्याची चाकरी बंद केली आणि त्याला नदीकाठच्या जुन्या पागेत ठेवलं. तिथे असेच सात-आठ म्हातारे घोडे होते. कुणी लंगडा, कुणी बोळका. एक घोडी होती, एका डोळ्यानं आंधळी. तिचं नाव चिमणी. नाव चिमणी, आणि पोट हे एवढं!

रोज सकाळी राजा पागेत यायचा. तो दिसला रे दिसला, की केवडा मान वर करून असा खिंकाळायचा, की झाडावरचे पोपट उडून जायचे. ती खिंकाळी ऐकल्याशिवाय राजाला दिवस उगवल्यासारखा वाटायचा नाही.

मग आला दसरा. दसऱ्याला घोड्यांची पूजा असते, बरं का. राजा पाहुण्यांना घेऊन पागेत गेला. केवड्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेवढ्यात एक पाहुणा राजा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "तुमचा जीव वाचवणारा घोडा तो हाच का? या झोपडीत?" आणि हसला.

झालं! राजाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. गवताचं छप्पर, तीन बाजू उघड्या, खाली माती आणि पेंढा. केवड्याच्या शेपटीतसुद्धा पेंढ्याच्या काड्या. राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "माझ्या केवड्याला मी महाल बांधीन."

आणि बांधला की! उंच भिंती, खाली पांढरी संगमरवरी फरशी, तोंड दिसेल इतकी गुळगुळीत. वारा लागू नये म्हणून खिडकी नाही. कुणी त्रास देऊ नये म्हणून दाराशी दोन भालेकरी. केवड्याला वाजतगाजत आत नेलं. जाताना त्यानं तीनदा मागे वळून पाहिलं. लोकांना वाटलं, केवढा ऐटीत चाललाय!

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा लगबगीनं महालात गेला. केवडा भिंतीकडे तोंड करून उभा. खिंकाळला नाही. राजाला वाटलं, नवी जागा आहे, रुळेल. तिसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. राजाचं जेवणात लक्ष लागेना.

मग राजाला वाटलं, फरशी गार लागत असेल. त्यानं राणीच्या माहेरच्या रेशमी गाद्या आणून अंथरल्या. राणीनं तोंड फुगवलं ते वेगळंच. पण गादीत केवड्याचा खूर रुतला, दुखरा पाय मुरगळला आणि तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. गाद्या काढल्या. मग राजाला वाटलं, एकटा पडला असेल. म्हणून त्यानं चारही भिंतींना आरसे लावले. एका केवड्याचे चार केवडे झाले! केवड्यानं आरशाला नाक लावलं. काच गार, वास कशालाच नाही. त्यानं मान खाली घातली ती घातलीच.

आणि मग एके सकाळी राजा आत आला, तर केवड्यानं पुढचे दोन्ही गुडघे टेकले आणि धडपडत पुन्हा उभा राहिला. बरोबरचे सरदार ओरडले, "वा वा! महाराज, घोडा मुजरा करतोय!" मग रोज सकाळी मुजरा. लोक बघायला यायला लागले, टाळ्या पिटायला लागले. राजाही हसायचा, पण त्याचं मन त्यात रमत नव्हतं. त्याला मुजरा नको होता. त्याला खिंकाळी हवी होती. मुजरा काय, उभी रयत करत होती.

चाळीस दिवस झाले. केवड्याची हाडं वर आली. गुडघ्यांवरची कातडी सोलून निघाली. वैद्य म्हणाला, "महाराज, हा घोडा फार दिवस काढत नाही." राजा आपल्या दालनात गेला, दार लावून घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. राजे रडत नाहीत असं थोडंच आहे?

केवड्याची सगळी चाकरी सटवाजी नावाचा म्हातारा मोतद्दार करायचा. दाणापाणी, खरारा, सगळं तोच. राजानं त्याला बोलावलं आणि विचारलं, "सटवाजी, माझ्या केवड्याला झालंय काय? मी काय करायचं ठेवलं?"

सटवाजी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहिला. मग म्हणाला, "सरकार, ज्याचं जळतं त्याला कळतं. म्या सांगून तुमास्नी पटायचं न्हाई. माझा आजा म्हनायचा, ज्याचं उष्टं खावं त्याच्या पोटातलं समजतं. त्याच्या चंदीतलं चार दानं उरल्यात. अनशापोटी खाऊन बघा."

चंदी म्हणजे घोड्याचे भिजवलेले हरभरे, बरं का. घोड्याचं उष्टं, आणि राजानं खायचं! सरदारांनी नाकं मुरडली. एक म्हणाला, "महाराज, बाटाल!" राजा म्हणाला, "आई लेकराचं उष्टं खाते ती बाटते का?" त्यानं जोडे काढले, मुकुट सटवाजीच्या हातात दिला आणि तो एकटाच आत गेला. तोबऱ्याच्या, म्हणजे चंदीच्या पिशवीच्या, तळाशी हात घातला, तर तीन दाणे हाताला लागले. सटवाजी चार म्हणाला होता. एक मधल्यामध्ये कुणी खाल्ला देव जाणे.

पहिला दाणा राजानं तोंडात टाकला, आणि काय चमत्कार! त्याला लांबलांबचं ऐकू यायला लागलं. नदीचं पाणी, छपरावरच्या गवताची सळसळ, आणि त्या सगळ्यापलीकडे चिमणीची हाक. ती पलीकडून केवड्याला हाक मारत होती. त्या दिवशीच नाही, रोज मारत होती. आवाजाकडे वळावं तर समोर भिंत. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर स्वतःचाच आवाज चारही भिंतींवरून परत आला. आता त्याला समजलं. केवड्यानं पहिली अख्खी रात्र अशाच हाका मारल्या होत्या. आपलीच हाक आपल्याला ऐकून ऐकून तो शेवटी थकला आणि गप्प झाला.

दुसरा दाणा खाल्ला, तर राजाच्या उजव्या गुडघ्यात अशी कळ उठली, की बाई गं! चाळीस दिवस एका जागी उभं राहून पाय लाकूड झालेला. चालायला जावं तर फरशीवर निसटतोय. म्हणून हलायचंच नाही. पागेत असताना कसं, केवडा दिवसभर लंगडत का होईना, नदीपर्यंत जायचा, बाभळीला अंग घासायचा, परत यायचा. पाय मोकळा व्हायचा. इथे कुठे जाणार?

तिसरा दाणा राजानं तोंडात टाकला. आणि त्याला झोप आली. साधी नाही रे, चाळीस दिवसांची झोप! डोळ्यांच्या पापण्या दगडाच्या झाल्या. वाटलं, आत्ता अंग टाकावं. पण खाली गुळगुळीत फरशी. एकदा आडवं पडलं तर या पायानं उठायचं कसं? आणि आडवं पडल्यावर राखण कोण करणार? घोड्यांची एक रीत असते. सगळे एकदम झोपत नाहीत. एक जण उभा राहतो, मग बाकीचे पाय पसरून निजतात. केवडा निजायचा तेव्हा चिमणी उभी राहायची, एक डोळा उघडा ठेवून. इथे कोण होतं? आरशातले केवडे? तेही बिचारे उभेच.

मग केवडा उभ्याउभ्या डुलायला लागला. राजाही डुलायला लागला. डोळे मिटले, गुडघ्यातलं बळ गेलं आणि दोघेही धप्पकन समोरासमोर गुडघ्यांवर आले. राजाच्या गुडघ्यातून रक्त निघालं. तो केवड्याच्या गळ्यात पडून म्हणाला, "अरे, हा मुजरा नव्हता रे! तू झोपेनं पडत होतास, आणि मी हसत होतो." करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून तो ढसाढसा रडला.

मग राजानं एक क्षणही दवडला नाही. केवड्याचा दोर स्वतःच्या हातात घेतला आणि निघाला. अनवाणी, डोक्यावर मुकुट नाही. सरदार म्हणाले, "महाराज, पालखी?" राजा म्हणाला, "हा चालेल तसा मी चालेन." दोघे लंगडत, थांबत, वाटेतलं गवत खात निघाले. म्हणजे गवत केवडा खात होता, हसू नका! अर्ध्या कोसाला अर्धा दिवस लागला.

सटवाजी पुढे धावला होता. त्यानं मऊ मातीवर गुडघाभर कोरडा पेंढा पसरला. नदीचं वळण आलं. गवताचं छप्पर दिसलं. आणि केवड्यानं मान वर केली आणि खिंकाळला! पोपटांचा अख्खा थवा उडाला. ती खिंकाळी राजासाठी नव्हती. ती चिमणीसाठी होती. राजाला ते समजलं. त्याला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण चाळीस दिवस ज्या आवाजासाठी जीव तळमळला, तो आवाज त्यानं कान भरून ऐकला.

चिमणीनं केवड्याच्या मानेवर मान टाकली. मग केवडा पेंढ्यावर हळूच बसला, आडवा झाला आणि चारही पाय पसरून असा घोरायला लागला, की सटवाजी तोंडावर पदर, नाही नाही, पटका धरून हसला.

त्यानंतर केवडा पुष्कळ वर्षं जगला, बरं का. राजा रोज यायचा. कधी केवडा खिंकाळायचा, कधी झोपलेला असायचा. झोपलेला असला, की राजा त्याला उठवायचा नाही.

आणि एका दुपारी काय झालं, राजा पागेत आला तेव्हा बाकी सगळे निजले होते, एकटी चिमणी उभी होती. ती फार म्हातारी झाली होती. तिनं आपल्या एका डोळ्यानं राजाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं पाय दुमडले आणि तीही आडवी झाली. अख्खी पागा निजली. एकही घोडा उभा नाही!

राजा खांबाला हात लावून उभा राहिला. दरबार भरायची वेळ झाली, प्रधानजी बोलवायला आले. राजानं ओठांवर बोट ठेवलं आणि तो जागचा हलला नाही. उन्हं कलली, चिमणी उठून उभी राहिली, तेव्हा तो घरी गेला.

मग राजा, राणी, सटवाजी आणि ते सगळे लंगडे-पांगळे घोडे सुखानं राहिले. चला, आता तुम्हीही पाय पसरा. निजा निवांत. मी बसलेय इथे जागी.