परतीची खेप

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एका रुंद नदीच्या काठी होडीवाल्यांचं छोटंसं राज्य होतं. पलीकडच्या काठावर दोन राज्यं होती, एक डोंगरावरचं आणि एक मैदानातलं. डोंगरावरचं मोठं, मैदानातलं लहान. एका कुरणावरून दोघांचं सारखं वाजायचं.

होडीवाले मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. नदीवर पूल नव्हता, त्यामुळे पलीकडून यायचं तर त्यांचीच होडी. भांडण आपल्या दारात नको म्हणून त्यांच्या पणजोबांनी एक रीत घालून दिली होती. एक खेप डोंगरवाल्यांची, पुढची मैदानवाल्यांची. होडीत कोण बसलंय, कशासाठी बसलंय, ते विचारायचं नाही. आणलेल्याला परत न्यायचं. या रितीवर सत्तर वर्षं राज्य सुखात नांदलं आणि लोकांना तिचा भारी अभिमान होता.

एका उन्हाळ्यात कुरणाचं भांडण पेटलं. खरं कुणाचं, खोटं कुणाचं, देव जाणे. दोन्ही राजे सारखेच हट्टी. पण डोंगरवाल्यांचं सैन्य मैदानात उतरलं आणि गावंच्या गावं जाळत सुटलं.

त्या दिवशी सकाळी चिमाबाई नावाची नावाडीण पलीकडच्या घाटावर होडी लावून बसली होती. इतक्यात मैदानातल्या बायका, म्हातारे, पोरं धापा टाकत आली. खेप मैदानवाल्यांचीच होती. चिमाबाईने त्या वीसेक जणांना होडीत बसवलं आणि अलीकडे आणून सोडलं. एका बाईने तिचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "वाचवलंस गं बाई आम्हाला." चिमाबाईलाही बरं वाटलं.

ती परत पलीकडे गेली, तर घाटावर डोंगरवाल्यांचे शिपाई उभे. आता खेप त्यांची होती.

"माणसं आत्ता इथूनच गेली ना?" त्यांच्या नायकाने विचारलं.

"आम्ही कुणाला विचारत नाही आणि कुणाला सांगत नाही," चिमाबाई म्हणाली.

"मग आम्हालाही काही विचारू नकोस," असं म्हणून तो होडीत बसला.

रितीप्रमाणे तिने त्यांना नदीपार केलं. मैदानातली ती दमलेली माणसं काठावरच्या सावलीत भाकरी खात बसली होती. शिपायांनी त्यांना तिथेच पकडलं, दोरीने बांधलं आणि होडीपाशी आणलं. ती परतीची खेपही चिमाबाईनेच केली. हात धरणारी ती बाई तिच्या समोरच बसली होती. आता तिचे हात दोरीने बांधलेले होते.

तीन दिवसांनी चिमाबाई होडीवाल्यांच्या राजाच्या दरबारात गेली आणि घडलं ते सगळं सांगितलं.

प्रधान म्हणाले, "वाईट झालं खरं. पण तू रीत मोडली नाहीस, हे बरं केलंस. आपण दोघांनाही सारखंच वागवलं."

"प्रधानजी, पळणाऱ्याला एक खेप दिली आणि पाठलाग करणाऱ्यालाही एक दिली. हे सारखं कसं झालं?" चिमाबाई म्हणाली. "आपण समजतो आपण लढाईत नाही. त्या दिवशी मी डोंगरवाल्यांच्या बाजूने लढले. माझ्या हातात तलवारीऐवजी वल्हं होतं, एवढंच."

राजा भला माणूस होता, पण लढाईला फार भ्यायचा. तो म्हणाला, "उद्या आपण शिपायांना होडी नाकारली, तर ते आपल्यावर चालून येतील."

"येतील, महाराज."

"तुझे दोन्ही मुलगे होड्या चालवतात. पहिला घाव त्यांच्यावरच पडेल."

"ठाऊक आहे," चिमाबाई म्हणाली. "म्हणून तर तीन दिवस घरात बसून राहिले."

राजाने खूप वेळ विचार केला. मग त्याने दवंडी पिटवली. जीव वाचवायला येईल त्याला होडी मिळेल, हत्यार घेऊन मागे लागेल त्याला मिळणार नाही. आठवड्याच्या आत डोंगरवाल्यांनी घाटावरच्या होड्या जाळल्या. तेव्हा राजाने मैदानवाल्यांना निरोप धाडला आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा होडीवाले लढाईत उतरले.

लढाई दोन वर्षं चालली. शेवटी डोंगरवाले माघारी फिरले. बांधून नेलेल्यांपैकी काही जण सुटून आले, काही आलेच नाहीत. कुरणाचा वाद अजून तसाच आहे म्हणतात. आणि चिमाबाईचा धाकटा मुलगा त्या लढाईत गेला.

राजा स्वतः तिच्या घरी आला आणि जमिनीवर तिच्यासमोर बसला. "चिमाबाई, तू दरबारात आली नसतीस तर तुझा मुलगा आज असता. पस्तावतेस का?"

चिमाबाई म्हणाली, "पोरासाठी रोज रडते, महाराज. शेजारणी येतात, पाठीवरून हात फिरवतात, माझ्याबरोबर रडतात. पण ती परतीची खेप आठवली की मी कुणाजवळ रडू? ते दुःख सांगायलाही मला तोंड नाही."

तात्पर्य काय, तर दोघे भांडत असतील तेव्हा मध्ये न पडणारा शहाणा असेलही. पण एक जण जीव घेऊन पळत असताना जो दोघांनाही सारखीच वाट देतो, त्याने बाजू घेतलेलीच असते.