बावीस बिरुदे आणि बंद मार्गिका

उदंडगडच्या महामार्गावर एकाच सकाळी एकोणीस मोटारी एकमेकींवर आदळल्या, आणि राजा भुजंगराजाने विजेचे फलक घडवणाऱ्या तुळाजीला बेड्या घालून दरबारात उभे केले. त्याच्यामागे त्याची मुलगी शेवंता उभी होती. फलकांची आखणी बापलेक मिळून करीत. अपघाताच्या जागी लावलेल्या फलकाला मात्र तिने पहिल्याच दिवशी नको म्हटले होते.

उदंडगडची रीत अशी, की कोणत्याही राजाज्ञेच्या आधी महाराजांची बावीस बिरुदे यायची. त्यामुळे ‘पुढे डावी मार्गिका बंद, वेग चाळीस’ हे शब्द फलकाच्या पार तळाशी उमटत. चालक ‘अरिकुलकालानल’ या सातव्या बिरुदापर्यंत पोहोचेतो बंद मार्गिका त्याच्यापर्यंत पोहोचलेली असे.

“उद्या संध्याकाळपर्यंत नवे फलक हवेत,” राजा म्हणाला. “चालकाला दोन क्षणांत समजले पाहिजे, आणि एकही बिरुद गळता कामा नये. नाहीतर तुळाजी, तू जन्मभर मधल्या मार्गिकेत लाल झेंडी घेऊन उभा राहशील.”

“अक्षरे बारीक केली तर?” प्रधानाने सुचवले.

“मग चालकांना दुर्बिणी वाटाव्या लागतील, प्रधानजी,” शेवंता म्हणाली. बापाच्या बेड्या खुळखुळल्या, तशी ती राजाकडे वळली. “महाराज, फरमानाच्या लांबीला काही मर्यादा आहे?”

“मुळीच नाही. आमच्या आजोबांचे एक फरमान अकरा हात लांब होते.”

“त्यात बिरुदे किती वेळा लिहिली होती?”

“आरंभी, एकदाच.”

“मग काम होईल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने राजाला टोलनाक्यावर नेले; मागोमाग प्रधान आणि बेड्यांतला तुळाजीही आले. नाक्यावर भला मोठा फलक झळकत होता, आणि त्यावर पिवळ्याधमक अक्षरांत बावीसच्या बावीस बिरुदे होती. रांगेतले चालक इंजिने बंद करून ती वाचत बसले होते. एका मालट्रकवाल्याची तर सगळी वाचून झाली, तरी आडकाठी वर जाईना, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नाक्यापुढे मात्र प्रत्येक मार्गिकेवर एवढेच: लाल वर्तुळात आकडा, मार्गिका बंद असेल तर फुली. वाहने मुकाट्याने वेग कमी करून मार्गिका बदलत होती.

“पुढच्या फलकांवर आमची बिरुदे कुठे आहेत?” राजा गरजला.

“ती नाक्यावरच वाचून झाली, महाराज. इथून घाटापर्यंत हे एकच फरमान आहे. फक्त सतरा कोस लांब.”

“आणि आरंभाला नेमका हा नाकाच का निवडलास?”

“आपल्या राज्यात माणूस अर्धा तास जागचा हलत नाही, असे दुसरे ठिकाण मला सापडले नाही. महाराजांची थोरवी इतक्या निवांतपणे दरबारातही कोणी वाचत नाही.”

प्रधानाने नजर जोड्यांकडे वळवली. राजाने त्या रांगेकडे पाहिले आणि तो पोट धरून हसला. तुळाजीच्या बेड्या तिथेच निघाल्या. साऱ्या महामार्गाचे फलक त्याच्याकडे सोपवले गेले.

“आता तू माग,” राजा शेवंतेला म्हणाला. “गाव, जमीन, हवे ते.”

“नाक्यावर न थांबता जाण्याचा परवाना द्यावा, महाराज.”

ती नेमके काय टाळू पाहते आहे, हे उमगायला राजाला एक क्षण लागला. मग तो आधीपेक्षाही मोठ्याने हसला आणि परवान्यावर उभ्याउभ्याच शिक्का उठवला.