गिरजाक्कांच्या म्हशीचं नाव

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेसाठी स्पर्धक निवडायला कोल्हापुरात आलेले पाटणकरसाहेब म्हणजे ज्ञानाचा डोंगर, आणि डोंगरावरून माणसं मुंग्यांएवढीच दिसायची. म्हशीची धार शेजारणीवर सोपवून आलेल्या गिरजाक्कांना नॉर्वेची राजधानी सांगता येईना, तेव्हा ते हसले.

"आजी, हे शेंबड्या पोरालाही येतं! बरं, मला येणार नाही असा एक प्रश्न विचारा. अडलो, तर तुमची निवड पक्की."

अक्का म्हणाल्या, "माझ्या म्हशीचं नाव काय?"

साहेब गडबडले. "ते मला कसं ठाऊक असणार?"

"अवो, आमच्या गावात शेंबड्या पोराला बी ठावं हाय!"

सगळी रांग खदखदून हसली. साहेबांनाही हसू आवरेना. अक्कांचं नाव यादीत लिहून त्यांनी हळूच विचारलं, "पण नाव काय हो तिचं?"

"त्ये आता टीव्हीवरच सांगीन!"